घरादाराचं पथ्य

बायपोलर आजार असलेल्या माणसाचं घर रात्री किती वाजता झोपतं, हा वैद्यकीय प्रश्न आहे. गोळी कोणती आणि किती मिलिग्रॅमची हे डॉक्टर ठरवतात. पण ती गोळी ज्या घरात आणि ज्या गावात घेतली जाते तिथल्या रात्री कशा जातात, यावर तिचं बरंचसं काम अवलंबून असतं. नाशिक जिल्ह्यात हा आजार सांभाळणाऱ्यांबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण आपल्याकडे रात्र जागवायला निमित्तं फार. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीने येते, त्यात रात्रीची पाळी असतेच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा शिफ्ट फिरतात. नवरात्रात सप्तशृंग गड रात्रभर जागा असतो. गणपती, लग्नसराई आणि मिरवणुकांचे दिवस तर सांगायलाच नकोत.

या आजारासोबत चांगलं जगणं म्हणजे रुग्णाच्या मनोबलाची परीक्षा, असं आपण धरून चाललो आहोत. ‘मन घट्ट कर’, ‘चांगले विचार कर’, ‘स्वतःला कामात गुंतवून घे’ हे सल्ले त्याच समजुतीतून येतात. माझं म्हणणं वेगळं आहे. बायपोलरमध्ये मुख्य काम पथ्याचं असतं, आणि ते पथ्य एकट्या रुग्णाला पाळता येण्यासारखं नसतं. ते घराने पाळायचं, कामाच्या ठिकाणाने पाळायचं आणि काही प्रमाणात गावानेही पाळायचं असतं.

माझा एक मावसभाऊ पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षं पिकवतो. त्याचं पहिलं आजारपण गोडी छाटणीनंतरच्या पावसात सुरू झालं. घड बाहेर पडायची वेळ, आभाळ भरलेलं, डावणी रोगाची भीती. त्याने ओळीने तीन रात्री फवारणीचा ब्लोअर चालवला. चौथ्या दिवशी पाऊस उघडला, इतर शेतकरी झोपले आणि हा जागाच राहिला. झोपेची गरजच वाटत नव्हती. रात्री अडीच वाजता व्यापाऱ्यांना फोन, वहीत कोल्ड स्टोरेजचे नकाशे, एका प्लॉटसाठी दिलेला इसार, आणि बोलण्याचा वेग असा की ऐकणाऱ्याने वाक्य पकडेपर्यंत हा तिसऱ्या विषयावर. मला आजही बोचते ती गोष्ट अशी, की त्या आठ-दहा दिवसांत भावकीत त्याचं कौतुक चाललं होतं. पोरगा राबतोय, पोराला झोप नाही. शेतकऱ्याच्या घरात उन्माद पहिल्यांदा येतो तो कष्टाळूपणाचा वेश घेऊन, आणि म्हणून तो कुणालाच दिसत नाही. त्याच माणसाने माघात बाग तोडणीला आली असताना अंथरूण सोडलं नाही. तेव्हा मात्र सगळ्यांना लगेच दिसलं, आणि नाव पडलं ‘आळस’.

हाच या आजाराचा सांगाडा आहे. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य, मध्ये अनेकदा महिनोन्महिने किंवा वर्षं पूर्ण ठणठणीत. या मधल्या काळात माणूस हुशारीने शेती करतो, शिकवतो, कंपनीत सुपरवायझर असतो, संसार करतो. काहींमध्ये उन्माद सौम्य असतो, मग आजार केवळ नैराश्य म्हणून ओळखला जातो. अशा माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर तो उलट्या टोकाला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या भेटीत ‘याआधी कधी झोप न घेता खूप उत्साहात होता का’ हा प्रश्न विचारला जाणं, आणि त्याचं खरं उत्तर घरच्यांनी देणं, फार मोलाचं.

झोपेचा आणि उन्मादाचा संबंध दोन्हीकडून आहे. उन्मादात झोप उडते हे सगळ्यांना माहीत असतं. झोप उडाल्यानेही उन्माद येतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये स्पष्टपणे मांडलं. कारण बाळंतपणाचं असो, प्रवासाचं असो की घरातल्या मृत्यूचं, उन्मादाकडे जाणारी वाट बहुधा झोप कमी होण्यातून जाते, आणि मग उन्माद उरलीसुरली झोपही खातो. हे एकदा समजलं की रात्रीची वीज, थर्ड शिफ्ट आणि मध्यरात्रीचा डीजे यांच्याकडे बघण्याची नजर बदलते. निफाडकडे थंडीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा घड वाचवायला शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात. ज्याला हा आजार आहे त्याच्या पिकाला ही रात्र जितकी जोखमीची, तितकीच त्याच्या डोक्यालाही. शेतीला दिवसा वीज द्यावी ही मागणी साप-विंचवाच्या आणि थंडीच्या भीतीपोटी होत आली, 2017 पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या निमित्ताने ती थोडीफार मार्गीही लागते आहे. या मागणीला मनाच्या आरोग्याचं कारण कुणी जोडलेलं मी ऐकलं नाही. जोडायला हवं.

‘हा मधुमेहासारखाच एक आजार आहे’ हे वाक्य समुपदेशनात हमखास येतं. लाज कमी व्हावी म्हणून ते बोललं जातं, हेतू चांगलाच आहे. पण ही तुलना नेमक्या अवघड जागी तुटते. साखर वाढलेल्या माणसाला मीटर दाखवला की तो मान्य करतो. उन्मादातल्या माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही; आयुष्यात इतकं बरं आपल्याला कधीच वाटलं नव्हतं, असं तो मनापासून सांगतो. आजार जिथे बसला आहे तिथेच निर्णय घेण्याची जागा आहे. म्हणून ‘स्वतःची काळजी स्वतः घे’ हा सल्ला बाकी आजारांत पुरतो, इथे पुरत नाही. के रेडफील्ड जेमिसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या आजारावरचा प्रमाणग्रंथ सहलेखक म्हणून 1990 मध्ये लिहिला. त्यांना स्वतःला हाच आजार. 1995 च्या आत्मकथनात त्यांनी सांगितलं आहे, की सगळं विज्ञान ठाऊक असूनही त्या पुनःपुन्हा लिथियम थांबवत राहिल्या, आणि त्यापायी जीव जाता जाता वाचला. ज्ञान कमी पडलं असं त्यांच्याबाबत कोण म्हणेल? मनोबल कमी होतं असंही म्हणता येणार नाही.

लिथियमबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या उपासांचा आणि यात्रांचा त्याच्याशी थेट संबंध आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1949 मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांवर लिथियम वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पहिला रुग्ण वर्षानुवर्षं उन्मादात असलेला. तो बरा होऊन घरी गेला, जुन्या कामावर लागला, बरं वाटतंय म्हणून त्याने औषध सोडलं आणि पुन्हा आजारी पडला. परत औषध सुरू झालं, आणि 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. तेव्हा रक्तातलं प्रमाण मोजण्याची सोय हाताशी नव्हती. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी शिस्तीत अभ्यास करून हे औषध उभं केलं. आजही झटके रोखण्यात आणि आत्महत्या टाळण्यात त्याची बरोबरी करणारी औषधं थोडी, आणि ते स्वस्तही आहे. पण उपकारक प्रमाण आणि घातक प्रमाण यांच्यातलं अंतर अरुंद. नेहमीच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठेवतात. दीडच्या वर गेली की धोका. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, शिवाय थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या ठरावीक काळाने करायच्या.

आता मिठाकडे या. शरीरातलं सोडियम किंवा पाणी कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी चढते. 1949 मध्येच अमेरिकेत हृदयरोग्यांसाठी मिठाला पर्याय म्हणून लिथियम क्लोराइड बाजारात होतं. त्याने काही माणसं दगावली आणि ते बंद झालं. कमी मीठ आणि लिथियम हा जोड तेव्हाच घातक ठरला. हे मनात ठेवून सप्तशृंग गडाच्या चैत्रोत्सवाचं चित्र पाहा. खानदेशातून माणसं भर उन्हात पायी वणीच्या या गडाकडे निघतात. घामाच्या धारा, पाणी मिळेल तिथे मिळेल तेवढं, पायांना फोड आले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी. घाम लिथियमची पातळी वाढवतो, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन जातीच्या वेदनाशामक गोळ्याही वाढवतात. वर कुणी अळणी उपास धरला असेल तर विचारायलाच नको. हात थरथर कापणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या, जीभ जड होणं ही विषबाधेची लक्षणं. बरोबरचे लोक ती ऊन लागल्याची समजतात, किंवा देवी अंगात आल्याची. अशा वेळी लिथियमची पुढची गोळी न देता तडक दवाखाना गाठायचा असतो.

याचा अर्थ गडावर जाऊ नये असा नाही. जाणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारून जावं, मीठ नेहमीसारखं खावं (सैंधव चालतं, तेही सोडियमचंच मीठ आहे), पाणी पीत राहावं, अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्यावी आणि रात्री कुठेतरी आडवं व्हावं. आणि ‘मी अळणी धरत नाही’ म्हणणाऱ्या सुनेला घरातल्या मोठ्यांनी कारण विचारू नये. आजारी माणसाला उपासातून सूट आपल्या घरांमध्ये पूर्वापार आहेच. मधुमेह्याच्या आणि बाळंतिणीच्या पुढे न कुरकुरता ताट वाढलं जातं. ज्याचा आजार सांगायची चोरी, त्याला मात्र ही सूट मागता येत नाही. लाजेमुळे रक्तातलं लिथियम चढतं, असं कुणी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

परंपरेने जागरण दिलं तसा नित्यनेमही दिला, आणि तो या आजाराला फार मानवतो. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी एक मानसोपचार पद्धत विकसित केली. तिचे मुख्य निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या मुळाशी रुग्णाने रोज नोंदवायच्या पाच वेळा आहेत: अंथरुणातून उठलो कधी, पहिल्यांदा माणसाशी बोललो कधी, कामाला लागलो कधी, रात्री जेवलो कधी, झोपलो कधी. या वेळा जितक्या स्थिर, तितका पुढचा झटका लांब. मी ही यादी वाचली तेव्हा मला त्र्यंबकच्या माझ्या आजोबांचा दिवस आठवला. पहाटे काकडा, ठरल्या वेळी शेत, तिन्हीसांजेला हरिपाठ, दिवेलागणीनंतर लगेच जेवण, आणि मग निजानीज. त्यांना यातला कुठलाही आजार नव्हता. पण हा दिवस एका कठीण आजाराचा उपचार म्हणून आज शिकवला जातो, आणि आपल्या घरातून तो गेला आहे. रुग्णाला ‘देवाधर्माचं कर’ सांगणाऱ्यांनी त्याला जागर-गोंधळाला नेण्याऐवजी संध्याकाळच्या हरिपाठाला बसवावं. रोज, त्याच वेळी, त्याच चार माणसांत.

नोकरीचं काय? फिरत्या शिफ्टमध्ये हा नित्यनेम बसत नाही, आणि नाशिकच्या कामगारांपैकी किती जण हे कुणाला न सांगता सोसत असतील याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सरकारी आस्थापनांना दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोय करणं बंधनकारक आहे. खासगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये सांगितलं, की मानसिक अपंगत्व हे गैरवर्तनामागच्या कारणांपैकी एक जरी असलं, तरी त्याबद्दलची शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरते. त्याआधी 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बायपोलर असलेल्या एका उमेदवाराला न्यायाधीशपदापासून दूर ठेवण्यास नकार दिला. न्यायासनावर बसायला जो आजार आड येत नाही, तो लेथ मशीनवर दिवसपाळी मागायला आड का यावा? ही मागणी दयेची नाही. आठवड्याची पाळी पक्की करायला कंपनीला पैसा लागत नाही. सुपरवायझरने वेळापत्रकात एक नाव हलवायचं असतं.

घराच्या पथ्याकडे परत येतो, कारण तिथे एक उलटा धोकाही आहे. झटका येऊन गेला की घरची माणसं पहारेकरी होतात. तो मोठ्याने हसला की एकमेकांकडे बघतात. बायकोशी रास्त कारणावरून वाद घातला तरी उत्तर एकच: ‘गोळी घेतलीस का?’ यासारखं दुखावणारं वाक्य नाही. त्या एका वाक्याने माणसाचा राग, आनंद, मत, सगळंच लक्षण होऊन जातं. मग तो गोळी सोडतो ती अनेकदा याच अपमानापायी. तेव्हा राखण कुणी, कशाची आणि कधी करायची, हे ज्याची राखण करायची त्यानेच ठरवायला हवं, आणि तेही बरा असताना.

यासाठी कायद्याने एक चांगलं साधन दिलं आहे, आणि ते वापरणारी घरं मला फारशी भेटत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या पाचव्या कलमानुसार कुणाही सज्ञान माणसाला आपलं पूर्वनिर्देशपत्र करता येतं: पुढे कधी निर्णयक्षमता गेली तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. नवराच बोलेल, वडीलच बोलतील असं काही नाही. बहीण असेल, मैत्रीण असेल. साक्षीदारांच्या सह्या लागतात, मानसिक आरोग्य मंडळाकडे नोंद करायची असते, मत बदललं तर पत्रही बदलता येतं. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी. माझ्या मते बायपोलरमध्ये हे पत्र एखाद्या औषधाच्या तोडीचं आहे. बऱ्या दिवसांतला माणूस बिघडलेल्या दिवसांतल्या स्वतःविषयी बोलतो आहे, आणि त्याच्याइतका जाणता सल्लागार दुसरा कुणी नाही.

कायद्याच्या कागदाबरोबर घरचा साधा कागदही हवा. माझ्या मावसभावाने आपला कागद एका उन्हाळ्यात, खरड छाटणी उरकल्यावर लिहिला. ओळीने दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, आणि तो वहिनीने करायचा, त्याला विचारत न बसता. रात्रीची फवारणी धाकट्या भावाकडे. पंपाला मोबाइल स्टार्टर. दहा हजारांवरचा कुठलाही व्यवहार दोन दिवस थांबून आणि दोन माणसांना विचारून. हा दोन दिवस-दोन माणसं नियम मानसोपचारातही शिकवतात. जमिनीचा, प्लॉटचा इसार एकट्याने द्यायचा नाही. आणि शेवटी त्याने एक अट घातली: या गोष्टी सोडून बाकी कशावरूनही मला गोळीबद्दल विचारायचं नाही. घरच्यांनी ती पाळली. त्यानंतर आजार गेला असं नाही. एकदा दाखल व्हावं लागलं, पण तिसऱ्याच दिवशी, पूर्वीसारखं दोन महिन्यांनी आणि कर्ज करून नव्हे. याला मी चांगलं जगणं म्हणतो. झटका कधीच न येणं ही कसोटी लावली तर या आजारात जवळजवळ सगळेच नापास ठरतील.

बायकांच्या वाट्याला हा आजार जास्त कठोर होऊन येतो. लग्न जमवताना लपवला जातो, लग्नानंतर गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग त्या सुटतात, आणि बाळंतपणानंतरच्या रात्रीच्या जागरणांत, जेव्हा झटक्याची शक्यता सर्वाधिक, तेव्हाच आजार उसळतो. मग पोर ठेवून घेऊन बाई माहेरी आणून सोडली जाते. व्हॅल्प्रोएट हे याच आजाराचं औषध गर्भाला अपाय करतं, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं असतं. जे औषध घरात कुणाला माहीतच नाही ते कोण बदलणार? मानसिक आजार घटस्फोटाचं कारण ठरतो ते तो किती तीव्र आहे यावर, नुसत्या निदानावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. 2013 मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात नवऱ्याला घटस्फोट नाकारलाही गेला. पण निकाल लागेपर्यंत वर्षं जातात. आधी सांगून जमलेलं लग्न कदाचित उशिरा जमेल. ते सांगून जमलेलं असेल तर बाळंतपणात रात्रीचं बाळ आजी किंवा बाप उठून घेईल, आणि या आजारात तो औषधोपचारच आहे.

उपचार मिळतात किती जणांना? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे 0.3 टक्के लोकांना त्या वेळी हा आजार असल्याचं दिसलं, आणि त्यांतले 70 टक्के उपचारांबाहेर होते. बारा राज्यांच्या त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता. तोच आकडा नाशिक जिल्ह्याच्या 2011 च्या 61 लाख लोकसंख्येतल्या प्रौढांना लावला तर ढोबळ मानाने दहा-बारा हजार माणसं होतात. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत; डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने 1990 मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं कामही नाशिकपर्यंत आलं आहे. 14416 या टेली-मानस हेल्पलाइनच्या क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं, आणि जीव नकोसा झाला असेल तर बोलावंच. पण पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या बागांवर छाटणीला येणारा मजूर लिथियम घेत असेल, तर पातळी मोजायला त्याने रोज बुडवून शहर गाठायचं का? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने नुसती गोळी वाटून भागणार नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त घेऊन नमुना पुढे पाठवण्याची सोय झाली, तरच हे औषध त्याच्यासाठी खरं औषध.

आणि रात्री जागवणारा नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा. 2026 च्या ऑक्टोबरअखेर ध्वज चढेल, 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं होतील. घाट, रस्ते, साधुग्राम, पार्किंग, सगळ्याचे आराखडे आहेत. दहा-बारा हजार लोकांच्या झोपेसाठी एवढ्या मोठ्या सोहळ्याने का थांबावं, असं कुणी विचारेल. थांबायला कुणीच सांगत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, आणि सणांसाठी सरकार वर्षाकाठी पंधरा दिवस ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, त्यापुढे नाही. झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदान प्रकरणात 2012 मध्ये म्हटलं आहे. पंचवटीत दाट वस्तीच्या गल्ल्यांतून माणसं राहतात. त्यांतल्या काहींच्या उशाशी लिथियमची पट्टी असते, काहींच्या कुशीत दहा दिवसांचं बाळ, आणि काही जण बंदोबस्ताची बारा तासांची ड्यूटी करून नुकतेच आडवे झालेले असतात. नियम लिहिलेला आहे. आराखड्यात घाटांच्या पानांशेजारी, रात्री दहानंतर तो कोणत्या ठाण्याने आणि कुणाच्या सहीने पाळून घ्यायचा, एवढं एक पान जोडायचं राहिलं आहे.